शनिवारचं तेल

शनिवारी त्या मशीनला शिवी द्यायची नाही, असा आमच्या शेडमध्ये नियम होता. इतर दिवशी दिलेली चालायची. मी तर देणारच, माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं माझी सासू धावड्याहून फोन करकरून सांगते. पण शनिवारी त्या पॉवर प्रेससमोर उभं राहिलं की माझीही बोलती बंद व्हायची. भीती वाटायची, दुसरं काही नाही.

हरिओम शेठची शेड जालना एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या मागच्या गल्लीत आहे. पेरणीयंत्राच्या पट्ट्या आणि क्लिपा बनतात तिथे. एक लेथ, ड्रिल, ग्राइंडर आणि कोपऱ्यात माणसापेक्षा उंच अशी ती प्रेस. तिचं काम शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं. खालच्या डायवर, म्हणजे साच्यावर, लोखंडी पट्टी ठेवायची आणि पायाने पायडल दाबायचं. वरचा जड ठोकळा, त्याला आम्ही रॅम म्हणतो, तो दणकन खाली येतो, पट्टीला भोक पाडतो आणि वर जाऊन थांबतो. मग हात घालून पट्टी काढायची, दुसरी ठेवायची. दिवसभर हेच. सगळा भरवसा त्या थांबण्यावर, कारण तो वर थांबलेला असतो तेव्हाच आपला हात त्याच्या खाली असतो.

शनिवारी तो कधी कधी थांबायचा नाही. पायडल दाबलेलं नसताना पुन्हा खाली यायचा. सोमवारी बघावं तर एकदम गुणाचा, जसं काही झालंच नाही. शेडमधली माणसं म्हणायची, शनिवारी त्याला तलफ येते. त्याने कचरूभाऊंचा उजवा हात मनगटापासून घेतला होता. कचरूभाऊ आता आमच्या गेटवर बसतात. डाव्या हाताने फाटक उघडतात आणि टेम्पो आत घेतात. त्यांच्याआधी रामरावमामांची दोन बोटं त्याच मशीनमध्ये गेली होती. आणि आता त्या मशीनवर मला बसवायचं चाललं होतं. म्हणजे माझा हात. उजवाच, कारण मी डावरी नाही.

मी शेडमध्ये आले ती पॅकिंगला. क्लिपा पिशवीत भरायच्या, पिशवी शिवायची. त्या कामाने माणूस वेडा होतो, मी तर आधीच अर्धी. ऑपरेटर लोक टिकत नव्हते, मिलवाल्यांनी बोलावलं की चालले. एक दिवस हरिओम शेठ वैतागून म्हणाले, "आता बायकांनाच शिकवा मशीन." पॅकिंगच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, मी शिकते. तर एक जण म्हणाली, "दैवशालाला शिकवाच. मशीननं हात धरला तर ही मशीनला चावंल." सगळ्या हसल्या, मीही हसले.

माझा नवरा पप्पू टेम्पो चालवतो. तो एवढंच म्हणाला, "काय शिकायचं ते शीक, पण त्या कोपऱ्यातल्या मशीनजवळ जाऊ नको." मी म्हटलं, मला कोण बसवतंय तिथं? तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

शिकवणारे रामरावमामा. साठीला टेकलेले, भोकरदनकडचे, कपाळाला कायम शेंदराचा टिळा. माणूस कडक, पण शिकवावं तर त्यांनी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बांगड्या काढायला लावल्या, साडी बंद करून ड्रेस घालायला लावला, तोही ओढणीशिवाय. केस बांधून टोपीत. "मशीनला डोळे न्हाईत," ते म्हणाले. "तुला हायेत ना? मंग तूच बघायचं. त्याला ओढणी काय अन् हात काय, सारखंच." लेथच्या चकाची, म्हणजे सळई धरणाऱ्या जबड्याची, चावी चकातच राहिली आणि मशीन सुरू झालं तर ती उडून माणसाचं डोकं फोडते. म्हणून मामांनी सवय लावली, की चावी हातात घेऊन मोठ्याने "चावी हातात" म्हणायचं आणि मगच स्विच दाबायचा. मी इतक्या जोरात ओरडायची की गेटवरून कचरूभाऊ उत्तर द्यायचे, "ठीक हाय, ताई!"

तेलाचंही त्यांनीच शिकवलं. कुठे थेंब, कुठे पिचकारी, कुठे ग्रीस. "तेल म्हंजे मशीनचं जेवण," मामा म्हणायचे. "पण ब्रेकला कधीच जेवू घालायचं न्हाई. ब्रेक उपाशीच ठेवायचा. तेल लागलं की तो धरत न्हाई, घसरतो." हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय, स्वतःच्या कानांनी.

मला ते काम आवडायला लागलं, इतकं आवडलं की मलाच नवल वाटलं. लेथवर पहिल्यांदा सळई लावली, हत्यार टेकवलं आणि लोखंडाची साल निघाली, दुधीची निघावी तशी सलग. मी बघतच राहिले. भंगारातल्या एका जाड तुकड्याचा मी गावच्या घरच्या खलासाठी बत्ता करून नेला. सासू भोकरदनच्या बाजारातून विकत आणलाय समजून भाव विचारत होती. मीच केलाय म्हटल्यावर तिने तो उलटासुलटा करून पाहिला, मग म्हणाली, जरा जड झालाय. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

असं सगळं छान चाललं होतं, आणि दर आठवड्याला शनिवार यायचा.

शनिवारी सकाळी कचरूभाऊ रुईच्या पानांची माळ आणि बाटलीत गोडं तेल घेऊन यायचे. प्रेसच्या माथ्यावर, एका बाजूला, मारुतीची टाइल बोल्टने बसवलेली होती. ती मामांनीच बसवलेली. त्याची गोष्ट ते मोकळेपणाने सांगायचे. कामावर येण्याआधी दर शनिवारी मारुतीला तेल घालायचा त्यांचा नेम होता. एका शनिवारी उशीर झाला म्हणून ते तसेच आले. पट्टी अडकली, ती हाताने काढायला गेले आणि घाईत स्वतःचाच पाय पायडलवर पडला. दोन बोटं गेली. "मारुतीला चुकवलं, त्यानं बराबर हिशेब केला," ते म्हणायचे. त्यानंतर त्यांनी देवळात जायचं ठेवलंच नाही, देवच मशीनवर आणला. शिडीवर चढून ते टाइलला शेंदूर लावायचे, माळ घालायचे आणि बाटली ओतायचे, धार न तोडता. तेल मारुतीच्या अंगावरून ओघळून मागे कुठेतरी जायचं. खाली सगळे हात जोडून उभे. मीपण.

तरीही मशीन शनिवारीच दगा द्यायचं. मग पुढच्या शनिवारी तेल वाढायचं. कचरूभाऊ आधी छोटी बाटली आणायचे, ते मोठी आणायला लागले. स्वतःचा हात गेलेला माणूस, पण म्हणायचे, "माझं झालं ते झालं. माझाच पाय पायडलवर राह्यला आसंल. पण दुसऱ्या कुणाचं व्हायला नको." त्यांचा पाय राहिला, हे हरिओम शेठने सांगितलं होतं, मेकॅनिकने मान डोलावली होती, आणि कचरूभाऊंनी ते मान्य करून टाकलं होतं. कधी कधी चहा पिताना मध्येच थांबायचे आणि स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत बसायचे. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

मेकॅनिकला शेठने पुन्हाही बोलावलं होतं. तो यायचा मंगळवारी नाहीतर बुधवारी, तेव्हा मशीन शहाण्यासारखं चालायचं. तो बाजूचे बोल्ट आवळायचा, चहा प्यायचा आणि जायचा.

मग एका शनिवारी दुपारी प्रेसवरच्या ऑपरेटरने घाम पुसायला हात बाहेर घेतला आणि रॅम आपोआप खाली आला. रिकाम्या डायवर. त्या आवाजाने माझ्या हातातला ड्रिलचा दांडा सुटला. ऑपरेटरने आपला हात मागूनपुढून बघितला, डबा उचलला, चपला घातल्या आणि गेटमधून चालता झाला. पुन्हा आलाच नाही. सोमवारी हरिओम शेठ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, सीझन तोंडावर आलाय. प्रेस तुम्हीच घ्या. मामा म्हणतात तुमचा हात बसलाय."

हात बसलाय म्हणे. मी तोंड उघडणार होते, पण नाही म्हटलं असतं तर पुन्हा पॅकिंग. आणि लेथ सोडून पिशव्या शिवायला मी जाणार नव्हते. मी म्हटलं, "पुढची जाळी लावा, मग बसते." प्रेसला पुढून एक लोखंडी जाळी असते, ती बंद झाल्याशिवाय रॅम खाली येत नाही आणि बंद असताना हात आत जात नाही. आमची जाळी भिंतीवर टांगलेली होती, धूळ खात. शेठ म्हणाले, "जाळी लावली की माल अर्धा निघतो. मामा हायेत ना जवळ."

घरी पप्पूला सांगितलं तर तो जेवता जेवता उठला. "उद्यापासून घरी बस," म्हणाला. मग पुन्हा ताटावर येऊन बसला आणि बराच वेळ नुसता माझ्या हाताकडे बघत होता. मी भाकरी थापत होते. मलाही माझाच हात नवा दिसायला लागला होता.

तव्यावरची भाकरी हाताने उलटता येते, पण निखारा आपण हाताने उचलत नाही, चिमट्याने उचलतो. हे कळायला शिकलेलं असावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी भंगारातून दोन सळया काढल्या. लेथवर दोन्हींची टोकं बारीक केली, ग्राइंडरवर चपटी केली, मधे खीळ मारून लांब दांड्यांचा चिमटा केला. टोकाला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बसवलं, म्हणजे पट्टी निसटणार नाही. पहिला चिमटा वाकला. दुसरा इतका जड झाला की मनगट भरून आलं. तिसरा जमला. दूर उभं राहून पट्टी आत ठेवायची, पाय मारायचा, पट्टी ओढून घ्यायची. हात डायच्या अलीकडे, पूर्ण बाहेर. शेठ कुरकुरले, माल कमी निघेल म्हणाले. मी म्हटलं, "शेठ, हात गेल्यावर किती निघंल ते कचरूभाऊला विचारा."

मामांनी चिमटा हातात घेतला, खीळ हलवून पाहिली, चुंबकाला पट्टी लावून पाहिली. "बनवलास चांगला," ते म्हणाले. "पण ह्याचा अर्थ मशीनवर तुझा भरोसा न्हाई."

"मशीनवर हाय मामा. शनिवारवर न्हाई."

ते हसले नाहीत. "तसं बोलू नको," एवढंच म्हणाले, आणि प्रेसकडे बघून कानाला हात लावला.

मी प्रेसवर बसायचा दिवस मामांनी शनिवारच ठरवला. मारुतीच्या समोर सुरुवात केली की मारुती सांभाळतो, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं ओरडावं, पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती की मीच गप्प झाले. सकाळी कचरूभाऊंनी माळ दिली, तेल दिलं. मामा शिडीवर चढले. मी खाली उभी राहून माझा उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता.

दुपारपर्यंत मशीन देवासारखं चाललं. पट्टी ठेव, पाय मार, पट्टी काढ. मला लय सापडली. चिमट्याने वेळ लागतो असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारावा इतका माल पेटीत पडत होता. मामा सारखे जवळपास घोटाळत होते. जेवण झालं, पुन्हा बसले. ऊन पत्र्यावर तापलं होतं. पॅकिंगच्या बायका गप्पा मारत होत्या, मग हळूहळू त्यांचा आवाज बंद झाला. मला कळलं की त्या माझ्याकडे बघतायत. शनिवारची दुपार म्हणजे सगळ्यांचे कान त्या कोपऱ्याकडे.

मी पाय मारला. भोक पडलं. रॅम वर गेला. मी पाय उचलला, पायडल मोकळं झालेलं मी डोळ्यांनी बघितलं, आणि चिमटा आत घातला. रॅम वर थांबल्यासारखा झाला, थांबला नाही, आणि खाली आला.

आवाज झाला तेव्हा माझ्या दोन्ही हातांना झिणझिण्या आल्या. चिमट्याची टोकं डायमध्ये चेपून पुरीसारखी झाली होती. दांडे माझ्या हातात होते. दांडे धरलेली बोटं सगळी होती. मी ती पुन्हा पुन्हा बघितली. मग मी तिथेच खाली बसले.

मामा धावत आले. माझा हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि म्हातारा ढसाढसा रडायला लागला. "देव तारी त्याला कोण मारी," ते म्हणत होते. "वाचवलं गं पोरी, मारुतीनं वाचवलं तुला!" कचरूभाऊ गेट उघडं टाकून आले होते, त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. बायका हात जोडत होत्या. मामा ओरडले, "कचरू, तेल आण! सगळं आण, जल्दी!"

तेवढ्यात माझ्या मनगटावर काहीतरी टपकलं. मी बघितलं तर लालसर, तेलकट थेंब. शेंदराचा.

मी वर बघितलं. थेंब टाइलखालून नव्हता पडला. प्रेसच्या बाजूला एक पत्र्याचं झाकण आहे, त्याच्या कडेवरून आला होता. त्या झाकणाच्या आत काय असतं ते मला मामांनीच शिकवलं होतं. रॅमला वर धरून ठेवणारा ब्रेकचा पट्टा.

मला भीती वाटत होती ती कुठे गेली कळलं नाही. राग आला, असा राग की कानशिलं तापली. मी उठले, मेन स्विच खाली ओढला, प्रेसचं मोठं फिरतं चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितली, रॅमखाली लाकडाचा ठोकळा घातला आणि पाना घेऊन झाकण उघडलं. आतला पट्टा तेलाने निथळत होता. नुसत्या आजच्या नाही, किती शनिवारच्या तेलाने, लाल काळा चिकट थर. वर टाइल बसवण्यासाठी पाडलेलं, बोल्टपेक्षा मोठं भोक अगदी त्याच्या डोक्यावर. मारुतीच्या अंगावरून ओघळलेलं तेल त्या भोकातून सरळ ब्रेकवर. सकाळी ओतायचं, दुपारपर्यंत ते मुरत खाली यायचं, आणि सोमवारपर्यंत बरंच निथळून जायचं, उरलेलं सुकून चिकट व्हायचं, मग ब्रेक पुन्हा धरायचा. सायकलच्या रिमवर तेल लागलं की ब्रेक लागत नाही, हे आपल्याला लहानपणी गुडघे फोडून कळतं. मशीन दगा देतं म्हणून तेल, आणि तेल आहे म्हणून मशीन दगा देतं. आधी कोणतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मामांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. ब्रेकला तेल नको, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मशीनचं तेल वेगळं आणि मारुतीचं तेल वेगळं. मारुतीला घातलेलं तेल खाली वाहतं, हे त्यांच्या मनात कधी आलंच नाही. मला तरी कुठे आलं होतं? हात जोडून मीही उभी राहिलेच होते.

मी थिनर आणि चिंध्या घेऊन पट्टा पुसायला लागले. हरिओम शेठ ऑफिसातून आले, काय झालं विचारायला लागले. मी पुसतच राहिले. पट्टा कोरडा केला, हाताला खरखरीत लागेपर्यंत. झाकण तसंच उघडं ठेवलं, ठोकळा काढला, सगळ्यांना मागे उभं केलं आणि मशीन सुरू करून रिकाम्या डायवर पाय मारला. रॅम खाली, रॅम वर, आणि वर जागच्या जागी उभा. पुन्हा पाय मारला. पुन्हा उभा. जितक्या वेळा मारला तितक्या वेळा.

"बघा," मी म्हटलं. "आता बाटली द्या इकडं."

मामा म्हणाले, "ते देवाचं तेल हाय, दैवशाला. ते कुठं ब्रेकला जातंय?"

खरं सांगते, तेव्हा एक क्षण मी थांबले. कारण मला पुढचं दिसलं. हे बोलणं ब्रेकपाशी थांबणार नव्हतं. ते कचरूभाऊंपर्यंत जाणार होतं, आणि कचरूभाऊ माझ्या शेजारीच उभे होते, डाव्या हातात तेलाची बाटली धरून. गप्प राहता आलं असतं. गुपचूप टाइल दुसरीकडे बसवता आली असती, भोक बुजवता आलं असतं, आणि सगळं सगळ्यांनी मारुतीच्या नावावर जमा केलं असतं. पण पुढच्या शनिवारी कुणीतरी पुन्हा शिडी लावली असती. आणि डायसमोर मी बसले असते, नाहीतर पॅकिंगमधली दुसरी कुणी. मी म्हटलं, "जात न्हाई ना? मंग टाका. झाकण उघडं हाय, सगळ्यांना दिसंल."

मी मशीन बंद केलं. मामा शिडीवर चढले. कचरूभाऊंनी खालून त्यांच्या हातात बाटली दिली. त्यांनी टाइलवर धार धरली. तेल मारुतीच्या छातीवरून आलं, पायाशी साचलं, कडेवरून मागे वळलं आणि भोकात गेलं. खाली उघड्या झाकणात आम्हाला ते दिसलं. आधी एक थेंब, मग बारीक धार, थेट पट्ट्यावर. मामांनी बाटली कचरूभाऊंना परत दिली आणि ते खाली उतरून बाजूला उभे राहिले. मी मशीन सुरू केलं, पाय मारला आणि पाय उचलून मागे घेतला, सगळ्यांना दिसेल असा. रॅम खाली आला, वर गेला, आणि पुन्हा खाली आला.

हरिओम शेठ "अरे बाप रे" म्हणाले. मी स्विच बंद केला.

मला वाटलं होतं कचरूभाऊ चिडतील. तसं झालं नाही. ते आधी माझ्या पायाकडे बघत होते, मग पायडलकडे, मग स्वतःच्या पायाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं, जे मी तिथे कधी पाहिलं नव्हतं. हसूच म्हणायचं.

"ताई," ते म्हणाले, "म्हंजे माझा पाय राह्यला नव्हता?"

"न्हाई, भाऊ. तुमचा पाय न्हवता."

"मी उचलल्ता पाय. मला आठवत व्हतं ना, मी उचलल्ता!" ते शेठकडे वळले, बायकांकडे वळले. "मी घरी बी सांगत व्हतो, मी उचलल्ता म्हणून. मंग सगळे म्हणाले तर मलाच वाटलं, राह्यला आसंल." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. वाटलं, बरं झालं मी बोलले. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं या माणसाचं.

मग त्यांचं हसणं हळूहळू थांबलं. हातातल्या बाटलीकडे त्यांचं लक्ष गेलं. तिच्या तळाशी थोडं तेल उरलं होतं. त्यांनी मान वर करून मामांकडे बघितलं. मामा शिडीला धरून उभे होते, जमिनीकडे बघत. मामांच्या सगळं आधीच लक्षात आलेलं होतं, माझ्या पहिल्या चिंधीपासूनच बहुतेक.

कचरूभाऊ मामांच्याच गावचे. मामांनीच त्यांना शेडमध्ये आणलं होतं. ते मामांशी कधी आवाज चढवून बोलत नसत, तेव्हाही चढवला नाही. अगदी साध्या आवाजात विचारलं, "मामा, त्या दिवशी बी टाकल्तं का तेल?"

मामांनी शिडी सोडली. मग म्हणाले, "तुझा पहिला दिवस व्हता, बाबा. तुझ्या मायला शब्द देऊन आणल्तं तुला. म्हणून डबल टाकल्तं."